बाबांनी दोन दिवस सांगितलं नाही

पत्राचा सारांश: लेक पुण्यात नोकरी करते. आईवडील साताऱ्याजवळच्या गावी असतात. वडील ६९ वर्षांचे, टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की तुमच्या स्कूटरने सिग्नल तोडला आहे, दंडाची पावती सोबत जोडली आहे. मेसेजमध्ये त्यांच्याच स्कूटरचा नंबर होता. त्यांनी ती फाइल उघडली आणि फोनने जी जी परवानगी मागितली ती दिली. रात्री खात्यातून २०,००० रुपये गेले, रविवारी पहाटे आणखी ४५,०००. त्यांच्या नंबरवरून तीच फाइल नातेवाइकांना आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरही गेली. लेकीला हे कळलं मंगळवारी. तक्रार केल्यावर त्यातले ७,००० रुपये तेवढे अडवता आले. संशयास्पद अ‍ॅप तिने फोनमधून काढून टाकलं आहे. वडील आता भजनाला जात नाहीत, फोनला हात लावत नाहीत. लेक विचारते, ‘कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. एवढा शिकलेला, आयुष्यभर लोकांचे पैसे सांभाळलेला माणूस असं कसं करतो? त्यांचा स्मार्टफोन काढून घेऊन साधा बटणांचा फोन द्यावा का?’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी आकड्यांकडे लक्ष गेलं. दुसऱ्या वेळी मात्र शेवटच्या एका ओळीपाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना शनिवारी रात्रीच कळलं होतं, पण मी ओरडेन म्हणून बोलले नाहीत.’ ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मला बोलायचंय ते मुख्यतः तिच्याबद्दल.

पण त्याआधी एक तातडीचं काम. अ‍ॅप काढून टाकलं म्हणून तो फोन स्वच्छ झाला असं समजू नका. असली अ‍ॅप्स स्वतःचं चिन्ह लपवतात, कधी सोबत दुसरंही एखादं आणून बसवतात. बाबांचे फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या आणि फोन पूर्ण रीसेट करा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड तुमच्या फोनवरून बदला, त्यांच्या नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ दिसतात, तिथे अनोळखी काही असेल तर काढून टाका. आणि पुढच्या काही आठवड्यांत कुणी फोन करून म्हणालं की आम्ही सायबर विभागातून बोलतोय, तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी एवढी फी भरा, तर तो फोन लगेच ठेवून द्या. एकदा फसलेल्या माणसाकडे हे लोक दुसऱ्या सोंगात परत येतात. आईलाही हे आजच सांगून ठेवा.

आता तुमचा प्रश्न, शिकलेला माणूस असं कसं करतो.

तो मेसेज त्यांच्या बाजूला बसून वाचून बघा. त्यात त्यांच्या स्कूटरचा खरा नंबर होता. तुम्हीच लिहिलंय की पंधरा दिवसांपूर्वी ते साताऱ्यात डॉक्टरांकडे गेले होते, घाईत होते. म्हणजे सिग्नल खरंच तुटला असेल अशी शंका त्यांच्या मनात आधीच होती. ज्याला दंड बुडवायचाच असतो तो असल्या मेसेजकडे ढुंकूनही बघत नाही. ‘सरकारी देणं आहे, आजच्या आज भरून मोकळं व्हावं’ असं वाटणारा माणूसच यात सापडतो. तुमच्या वडिलांनी नोकरीत असताना मनीऑर्डरचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नसेल. त्यांच्या त्याच सवयीला इथे कुणीतरी गळ लावला. यात तुम्हाला शिक्षणाचा अभाव दिसतो, मला दिसत नाही.

माझंच सांगते. गेल्या दिवाळीत मी एका पार्सलची वाट बघत होते. कुरिअरच्या नावाने मेसेज आला, ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे, २५ रुपये भरून पत्ता दुरुस्त करा.’ मी लिंक उघडली. डाव्या हातात डेबिट कार्ड, उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक आकडा टाकतेय. सोळातले बारा आकडे टाकून झाले होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात कुरिअरचा मुलगा उभा, हातात माझं पार्सल, त्यावर माझा पूर्ण पत्ता. मी तशीच कार्ड हातात धरून उभी राहिले. तो दहा मिनिटं उशिरा आला असता तर मीही आज तुमच्या बाबांच्या जागी असते. आणि हे सदर मी त्याच्या आधी कितीतरी वर्षांपासून लिहितेय.

या प्रकरणात नेमकं काय घडतं ते समजून घ्या, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. नुसती लिंक उघडली म्हणून सहसा पैसे जात नाहीत. फोन फार जुना असेल, वर्षानुवर्षं अपडेट झालेला नसेल तर तोही धोका असतो, म्हणून अपडेट आलं की करून टाकावं. पण घरोघरी जी फसवणूक होते तिला पुढची एक पायरी लागते. एक तर तुम्ही स्वतःच्या हाताने कार्ड नंबर, पिन किंवा ओटीपी भरता, नाहीतर एखादं अ‍ॅप फोनमध्ये बसवून घेता. बाबांकडे आलेली ‘पावती’ म्हणजे एपीके फाइल होती, पावतीच्या नावाखाली आलेलं अख्खं अ‍ॅप. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, बाबांनी दिली. त्यानंतर बँकेचा ओटीपी त्यांच्या फोनवर येत होता आणि परस्पर दुसरीकडे पोचत होता. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने फिरते ती फाइलही हीच, आणि वीजबिल थकल्याच्या धमकीसोबत येते तीही बऱ्याचदा हीच.

म्हणजे उघडणं आणि बसवणं यांच्या मध्ये एक उंबरठा आहे. फोन तिथे थांबवून विचारतो, ‘या स्रोताकडून अ‍ॅप इन्स्टॉल करू द्यायचं का?’ दंडाची पावती, लग्नपत्रिका, बिल, यांपैकी कशालाच ही परवानगी लागत नाही. बाबांना एवढी एकच गोष्ट पक्की ठाऊक असती तर ते तिथे थांबले असते. ती त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. तुम्ही सांगितलं होतं, ‘कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका.’

या वाक्याबद्दल मला मनापासून तक्रार आहे. हे वाक्य पाळता येत नाही. गॅसची नोंदणी, वीजबिल, बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरांचा रिपोर्ट, तुम्ही पाठवलेले नातवाचे फोटो, सगळं लिंकनेच येतं. तुम्ही स्वतः त्यांना दिवसाला दोन-चार लिंका पाठवत असाल. जो नियम रोज मोडावाच लागतो, तो ज्या दिवशी खरोखर पाळायला हवा त्या दिवशी आठवत नाही. आणि फसल्यावर मात्र तोच नियम आरोप होऊन समोर येतो, ‘सांगितलं होतं ना!’ बाबांच्या कानात शनिवारी रात्री तेच वाक्य घुमत असणार.

तेव्हा त्यांना लिंक वाचायला शिकवा. आणि हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर जमेल, कारण पत्ते वाचण्यात त्यांचा जन्म गेलाय. टपालाची वर्गवारी करणारा माणूस पाकीट हातात घेतल्यावर आधी काय बघतो, हे त्यांना विचारा. ‘तीर्थस्वरूप’ बघत नाही, नावही बघत नाही. तो शेवटचे सहा आकडे बघतो. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्या कोकणातल्या संस्कृत कवीने. पहिला आकडा ४ म्हणजे आपला पश्चिमेचा विभाग, ४१५ म्हटलं की सातारा आणि आसपासचा भाग, आणि पुढचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. पाकिटावर वर ‘मुंबई’ असं ठळक लिहिलं आणि खाली ४१५००१ टाकलं, तर वर्गवारीतून ते साताऱ्याच्याच थैलीत पडणार.

वेबसाइटचा पत्ताही असाच शेवटून वाचायचा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. परिवहन खात्याचा पत्ता ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ इथे संपतो. त्यातलं ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. ठगाचा पत्ता ‘ई-चलन डॉट परिवहन डॉट फाइन-पे डॉट टॉप’ अशा थाटाचा असतो. ओळखीचे शब्द सगळे पुढे मांडलेले आणि शेवट भलताच. बँकांसाठीही आता अशी खूण आली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपापल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बाबांच्या बँकेचा पत्ता एकदा दोघांनी मिळून नीट बघा आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बँकेचं काम असेल तेव्हा तोच पत्ता हाताने टाकायचा किंवा बँकेचं अ‍ॅप उघडायचं, मेसेजमधल्या लिंकवरून जायचं नाही. हा नियम पाळता येण्याजोगा आहे.

आणखी एक गैरसमज तुमच्या पत्रातही दिसला. ‘कुलपाचं चिन्ह असलेलीच साइट उघडा’ असं तुम्ही त्यांना सांगत होतात. कुलूप म्हणजे पाकिटाला लाख लावलेली आहे, वाटेत कुणी फोडून वाचणार नाही, एवढंच. पाकीट पोचतंय ते चोराच्या घरी की बँकेत, हे लाखेवरून कळत नाही. ठगांच्या साइटलाही कुलूप सहज मिळतं. याच गैरसमजापायी क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीवरून काढूनही टाकलं.

मेसेज कुठून आला तेही बघायला शिकवा. बँकेचे आणि सरकारी खात्यांचे एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत, अक्षरांच्या नावाने येतात, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडलेलं असतं. सरकारी मेसेजला ‘जी’, जाहिरातीला ‘पी’. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अशी शिस्त नाही. तिथे चित्रात अशोकस्तंभ लावून कुणीही आरटीओ होऊ शकतो. चलन खरं आहे का ही शंका आली तर परिवहनच्या साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकायचा. दंड असेल तर तिथे दिसेलच. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, कारण वरवर येणाऱ्या नंबरांत खोटे मिसळलेले असतात. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो.

आता त्या दोन दिवसांकडे येते.

शनिवारी रात्री २०,००० गेले, हे बाबांना मेसेजवरून कळलं. त्यांनी ठरवलं की सोमवारी बँक उघडली की जाऊन विचारू. रविवारी पहाटे ४५,००० गेले. शनिवारी रात्रीच त्यांनी १९३० वर फोन केला असता आणि बँकेला कळवून खातं गोठवलं असतं, तर हे ४५,००० बहुधा खात्यातच राहिले असते. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार नोंदवली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे निरोप जातो आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवली जाते. पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरायला फार वेळ लागत नाही. मंगळवारपर्यंत ७,०००च हाती लागले, याचं कारण हेच.

कायद्याच्या बाजूनेही त्या रात्रीला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात तत्त्व सांगितलं आहे की, ग्राहकाच्या हलगर्जीमुळे पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या अंगावर. हलगर्जी झाली हे सिद्ध करायची जबाबदारीही त्यात बँकेवर टाकली आहे. बँकांनी असे प्रकार चोवीस तास कळवता येतील अशी सोय ठेवायची आहे, त्यामुळे सोमवारची वाट बघायचं कारण नव्हतं. बाबांना हे माहीत नव्हतं. तुमच्या बाबतीत बँक अजून तोंडी उत्तरं देत असेल तर त्यावर राहू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

म्हणजे हिशेब असा होतो. चुकून दिलेल्या एका परवानगीने २०,००० गेले. उरलेले ४५,००० गेले ते घरात बोलायची सोय नव्हती म्हणून. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही पुण्यात नोकरी, मूल, घर सगळं सांभाळून त्यांची काळजी घेता, आणि ती काळजी फोनवर ओरडण्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्याकडे बहुतेक घरांत तसंच असतं. पण आईबापांच्या वयाच्या माणसाला लेकीसमोर ‘मी फसलो’ म्हणायला जी लाज वाटते, ती ठगांना चांगली माहीत असते. त्या लाजेमुळे त्यांना दोन दिवस आयते मिळतात.

फोन काढून घ्यायचा का? घेतलात तर पुढचा धोका बराच कमी होईल, हे खरं. पण त्यांच्या बाजूने बघा. नातवाचा चेहरा त्या फोनमध्ये आहे, भजनी मंडळ त्यात आहे, दुधाचे पैसे त्यातून जातात. पासष्ट हजार गेल्यावर त्यांच्याकडून हेही घेतलंत तर त्यांना ती शिक्षा वाटेल, आणि पुढच्या वेळी आईच्या फोनवर काही आलं तर आईही बोलणार नाही. फोन तुम्हीच दुरून सांभाळायचा, हाही एक पर्याय लोक निवडतात. त्यात म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक पावलाला लेकीची परवानगी लागते. त्यांना स्मृतिभ्रंशासारखा आजार असता तर मी नाइलाजाने हो म्हटलं असतं. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही.

माझं मत विचाराल तर फोन राहू द्या आणि पैशांची मांडणी बदला. पेन्शनच्या खात्याला यूपीआय आणि नेटबँकिंग ठेवूच नका. दुसऱ्या एका खात्यात महिन्याच्या खर्चापुरते, सात-आठ हजार टाका आणि फोनवर फक्त ते खातं जोडा. मुदत ठेवी ऑनलाइन मोडता येणार नाहीत अशी सोय होते का, ते शाखेत जाऊन विचारा. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून खाली आणा. फोनमध्ये अनोळखी स्रोताकडून अ‍ॅप बसवायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांची बंद करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइली आपोआप उतरणंही बंद करा. म्हणजे उद्या पुन्हा चूक झाली, आणि चूक तुमच्याकडून, माझ्याकडूनही होईल, तरी नुकसान झेपण्याजोगं असेल.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत तीन नंबर लिहा. १९३०, बँकेचा, आणि तुमचा. खाली क्रमही लिहा, कारण घाबरल्यावर काही सुचत नाही. आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून १९३०, मग बँक, मग लेक. स्वतःला मुद्दाम शेवटी ठेवा. तुम्हाला सांगायची भीती वाटली तरी पहिली तीन कामं त्यामुळे अडणार नाहीत.

आणि या शनिवारी गावी जा. फोनवर हे बोलू नका, समोर बसून बोला. ‘बाबा, माझं चुकलं. तुम्ही मला लगेच सांगू शकला नाहीत, याला मी कारण आहे. यापुढे रात्री दोन वाजताही फोन केलात तरी मी एक शब्द बोलणार नाही.’ एवढं म्हणा आणि थांबा. ते लगेच मोकळे होतील असं नाही. आमच्या पिढीच्या वडिलांना मुलीने माफी मागितलेली झेपत नाही, ते उठून बाहेर जातील किंवा चहाचं विचारतील. जाऊ द्या.

भजनी मंडळाबद्दल त्यांच्यावर जोर करू नका. पण ती फाइल त्यांच्या नंबरवरून ग्रुपवर गेली आहे, आणि तिथे कुणी ती उघडली असेल तर त्या माणसाच्या फोनमध्येही हाच चोर बसलाय. ‘माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर बँकेला कळवा’ असा निरोप जाणं गरजेचं आहे. तो तुम्ही परस्पर टाकू नका. त्यांना सांगा, शब्द त्यांनाच ठरवू द्या. तुमच्या पत्रावरून ते मला असे गृहस्थ वाटतात की दुसऱ्या कुणाचं नुकसान होतंय म्हटल्यावर स्वतःची लाज बाजूला ठेवतील.

नोव्हेंबर तोंडावर आलाय. त्यांना हयातीचा दाखला द्यायचा असेल. दरवर्षी ते पोस्टात किंवा बँकेत जाऊन देत असतील, यंदा घरून ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सोयीवर करून बघा. तुम्ही शेजारी बसा, पण फोन त्यांच्या हातात असू द्या. अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं, बनवणाऱ्याचं नाव वाचायचं. समोरच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा, पापण्या मिटून उघडायच्या. काम झालं की त्यांच्या मोबाइलवर मेसेज येईल, दाखला उतरवून घ्यायला लिंक असेल. ती उघडण्याआधी त्यांना चष्मा लावून पत्ता शेवटून वाचायला सांगा, आणि ते वाचून होईपर्यंत तुम्ही काही बोलू नका.